मोबाइलवरचा ‘फुकट’ खेळ मुलाला द्यावा का?

आरोग्यशिक्षण हे आमच्या न्यासाच्या उद्दिष्टांपैकी एक असल्याने वार्षिक अहवालात दरवर्षी एखाद्या विषयाची माहिती सविस्तर देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. यंदाचा विषय काही वाचकांना रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. त्याचे निमित्त असे, की बालरुग्ण कक्षासाठी एका हितचिंतक कुटुंबाने टॅब भेट दिले. सलाइनची सुई लावताना किंवा जखमेची पट्टी बदलताना मुलाचे लक्ष पडद्यावर गुंतले, तर त्याची भीती ओसरते आणि वेदनाही कमी जाणवते, हा आमच्या परिचारिकांचा नित्याचा अनुभव आहे. भेट स्वागतार्हच होती. परंतु त्या टॅबवर कोणते खेळ असावेत, हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या सभेत निघाला. बालमार्गदर्शन विभागात पालक हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारीत असतात : ‘‘गेम फुकट आहे, सगळी मुले खेळतात, मग आमच्या मुलाला दिला तर काय बिघडले?’’

खर्च कोण भरतो?

‘फुकट’ या शब्दाचा हिशेब धर्मादाय रुग्णालयाइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार! आमच्याकडे निर्धन रुग्णांसाठी राखलेल्या खाटांवर विनामूल्य उपचार होतात. पण औषधे, परिचारिकांचे वेतन, वीज यांचा खर्च होतोच, आणि त्यासाठी कोणी हातभार लावला हे अहवालाच्या शेवटच्या पानांवर नावानिशी छापलेले असते. मोबाइलवरील खेळाबाबतही हाच प्रश्न विचारावा. मोठा खेळ तयार करण्यासाठी अनेक कुशल माणसे वर्षानुवर्षे खपतात, त्याची यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवावी लागते, आणि तरीही तो कोट्यवधी मुलांच्या हाती विनामूल्य पडतो. तो खर्च कोण भरतो?

पूर्वीच्या व्हिडिओ गेमचा व्यवहार सरळ होता. दुकानातून गेमची कॅसेट आणली, पैसे दिले, विषय संपला. मूल तो खेळ दहा मिनिटे खेळले काय किंवा दहा महिने, निर्मात्याच्या उत्पन्नात फरक पडत नसे. फुकट खेळाचे उत्पन्न मात्र तो हाती आल्यानंतर सुरू होते. बहुसंख्य खेळाडू एक रुपयाही देत नाहीत. त्यांना जाहिराती दाखवून निर्मात्याला पैसे मिळतात. काही जण अधूनमधून किरकोळ खरेदी करतात. आणि अगदी मोजके खेळाडू इतका खर्च करतात, की त्यांच्यासाठी या धंद्यात ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, हा शब्दच रूढ झाला आहे. देवमासा कोण निघेल हे आधी कळत नसल्याने जाळे सर्वांवरच टाकले जाते, आणि त्यात आठ वर्षांचे मूलही येते.

म्हणून आमचे मत असे, की फुकट खेळाची पारख करताना त्यात बंदूक आहे की फुलपाखरू, याच्याही आधी तो आपली किंमत मुलाकडून कोणत्या रूपाने वसूल करतो, हे पाहावे.

‘कँडी क्रश सागा’ हा २०१२ मध्ये आलेला खेळ घ्या. रंगीत गोळ्या जुळवायच्या. हिंसा नाही, अभद्र काही नाही. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी खेळावा असा. त्यात खेळाडूला पाच ‘जीव’ मिळतात. डाव हरला की एक जीव जातो आणि तो परत मिळायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की वाट पाहायची, मित्राकडे मागायचे, नाहीतर पैसे देऊन पुढे जायचे. अंगणातल्या खेळात मूल दमले की थांबते. येथे ते थांबते ते नेमके इच्छा शिगेला पोहोचलेली असताना, आणि त्याच क्षणी समोर दुकान उघडते. एका आईने आम्हांला विचारले होते, की या सक्तीच्या विश्रांतीने मुलाचे खेळणे आपोआप मर्यादेत राहत नाही काय? राहतेही. पण त्या अर्ध्या तासात मुलाच्या मनात काय चालते, हे घड्याळाकडे लागलेल्या त्याच्या डोळ्यांवरून त्या माउलीलाही दिसले असेलच.

दुसरी युक्ती चलनाची. ‘फ्री फायर’मध्ये हिरे, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’मध्ये ‘यूसी’, ‘रोब्लॉक्स’मध्ये ‘रोबक्स’. रुपये देऊन प्रथम हे चलन घ्यायचे आणि मग त्यातून पोशाख, शस्त्राची सजावट, नाचाची मुद्रा असे काही विकत घ्यायचे. जत्रेत पाळण्यासाठी टोकन घेतले की खिशातून किती गेले याचा विसर पडतो, तसेच हे आहे. शिवाय चलनाच्या गठ्ठ्याचा आकडा आणि वस्तूची किंमत यांचा मेळ बहुधा बसत नाही. थोडे शिल्लक राहते आणि ते वाया जाऊ नये म्हणून आणखी घ्यावेसे वाटते. दहा वर्षांच्या मुलाला ‘हा पोशाख किती रुपयांना पडला?’ असे विचारून पाहावे. उत्तर हिऱ्यांतच येते.

यापुढची पायरी आम्हांला सर्वांत चिंतेची वाटते. पैसे देऊन वस्तू न घेता वस्तू मिळण्याची केवळ संधी घ्यायची. चक्र फिरते, पेटी उघडते, आणि हवे ते क्वचित मिळते. जपानमध्ये नाणे टाकून खेळण्याची बंद डबी देणारी यंत्रे असत. त्यांच्या नावावरून या प्रकाराला ‘गाचा’ म्हणतात. असे अनेक तुकडे जमवून पूर्ण संच करायला लावणारा प्रकार जपानच्या ग्राहक खात्याने २०१२ मध्ये बेकायदा ठरविला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगारच मानले. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या फुकट खेळाच्या कंपनीने तेथील व्यापार आयोगाशी तडजोड करून २ कोटी डॉलर भरण्याचे आणि १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना अशा पेट्या न विकण्याचे मान्य केले. आमच्यापुरता नियम साधा आहे. ज्या खेळात पैसे घालून नशीब आजमावण्याचे चक्र आहे, तो शाळकरी मुलाला स्वतःच्या बळावर खेळू देऊ नये. त्यातील चित्रे कितीही गोंडस असोत.

वयाचा आकडा आणि बंदीची बातमी

पालकांचा पहिला आधार म्हणजे ॲपच्या दुकानात दिसणारा वयाचा आकडा. गूगल प्लेवर आपल्याकडे ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे गट दिसतात. ते ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरतात, तिची स्थापना २०१३ मधली. निर्माता एक प्रश्नावली भरतो आणि उत्तरांवरून गट पडतो. हिंसा, लैंगिकता, भाषा, जुगाराची दृश्ये यांविषयी हा आकडा उपयुक्त आहे, आणि तो मुलाच्या वयाहून मोठा असेल तर प्रश्न तेथेच मिटावा. तो लहान असेल तर मात्र पुढे पाहावे लागते, कारण खेळ पैसे कसे मागतो याचे उत्तर मुख्यतः त्याच्या शेजारच्या बारीक अक्षरांत असते : ‘जाहिराती आहेत’, ‘ॲपमधील खरेदी’. या दोन ओळी आकड्याइतक्याच काळजीपूर्वक वाचाव्यात, अशी विनंती आहे.

दुसरा आधार सरकारी बंदीचा, आणि त्याबाबत बराच गैरसमज दिसतो. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी अन्य ११७ ॲपसह बंदी आली, ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये. दोन्ही वेळा कारण देशाची सुरक्षा आणि नागरिकांच्या माहितीचे संरक्षण हे होते. मुलांच्या आरोग्याचा त्यात विचार नव्हता. पबजीचा भारतीय अवतार ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना त्यात १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. शाळा, गृहपाठ, मैदान आणि झोप सांभाळणाऱ्या मुलाच्या दिवसात तीन तास कोठून यायचे, हे आम्हांला उमगलेले नाही. कंपनीची मर्यादा म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केल्यावर ‘आता सगळे बंदच झाले ना?’ असे अनेकांनी विचारले. त्या कायद्याने बंद केले ते पैसे लावून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे खेळ. ज्या खेळात पैसा फक्त आत जातो आणि बाहेर कधीच येत नाही, तो त्या व्याख्येत सहसा बसत नाही. मुलांच्या माहितीबाबत मात्र २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मोलाचा आहे. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास त्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

स्वतः खेळून पाहावे

खेळ मुलाच्या हाती देण्यापूर्वी मोठ्यांपैकी कोणीतरी तो स्वतः खेळून पाहावा, असे आम्ही सांगतो, तेव्हा पालक दहा मिनिटे खेळतात आणि समाधानाने परत येतात. पहिली दहा मिनिटे अतिशय गोड असतात. बक्षिसे भराभर मिळतात, डाव सोपे असतात, काहीही मागितले जात नाही. खेळाचा खरा स्वभाव तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागतो. तेव्हा डाव अवघड होतात, बक्षिसे आटतात, आणि ‘आजच, फक्त पुढील दोन तास’ अशी सवलत पडद्यावर येते. म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटे याप्रमाणे निदान चार दिवस खेळावे आणि मग एक दिवस मुद्दाम खेळू नये. त्या दिवशी फोनवर काय काय सूचना येतात, रोजच्या हजेरीचे बक्षीस बुडाल्याचे कसे ऐकविले जाते, हे पाहिले की खेळ मुलाच्या वेळेवर किती हक्क सांगतो ते कळते. हरल्यावर लगेच जाहिरात पाहण्याची लालूच दाखविली जाते का? जाहिरात बंद करण्याची फुली मुलाच्या बोटाला सापडेल अशी आहे का? जाहिरात कशाची आहे? लहान मुलांच्या खेळात मोठ्यांच्या खेळाची जाहिरात येणे नवलाचे नाही.

डाव मध्येच थांबविता येतो की नाही, ही बाब पालक क्वचितच लक्षात घेतात. घरातील निम्मी भांडणे मात्र त्यातूनच उद्भवतात. ‘बॅटलग्राउंड्स’च्या नेहमीच्या डावात शंभर खेळाडू असतात आणि डाव सुमारे अर्धा तास चालू शकतो; ‘फ्री फायर’मध्ये पन्नास खेळाडू आणि साधारण दहा मिनिटे. हे डाव थांबत नाहीत. मधेच उठणे म्हणजे सोबतच्या मित्रांना तोंडघशी पाडणे. ‘‘पान वाढले आहे, आत्ताच्या आत्ता ऊठ’’ या हाकेला मूल ओरडून उत्तर देते, तेव्हा ते उद्धट झालेले असतेच असे नाही. त्याच्या लेखी चार मित्र अडकलेले असतात. डाव सुरू होण्याआधी ‘हा शेवटचा’ असे ठरविले तर बरेचसे सुरळीत होते. बुद्धिबळाचा डाव उठवतानाही आपण एवढी माणुसकी दाखवितोच.

खेळात बोलण्याची सोय आहे का, हे तिसरे. ‘फोर्टनाइट’ या फुकट खेळाच्या ‘एपिक गेम्स’ कंपनीविरुद्ध अमेरिकी व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये केलेली कारवाई या संदर्भात वाचण्यासारखी आहे. मुलांसाठीही लेखी व तोंडी संवाद आपोआप चालू ठेवला जाई आणि त्यांची गाठ अनोळखी माणसांशी पडे, असा आयोगाचा आरोप होता. मुलांच्या माहितीविषयीच्या कायद्याच्या भंगापोटी २७ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला, आणि फसव्या मांडणीमुळे नकळत झालेल्या खरेदीपोटी ग्राहकांना परत देण्यासाठी आणखी २४ कोटी ५० लाख डॉलर भरावे लागले. एखादा खेळ जगप्रसिद्ध आहे म्हणून त्याची मूळ मांडणी मुलांच्या हिताची असेल, असे गृहीत धरता येत नाही. ‘रोब्लॉक्स’च्या बाबतीत तर ‘हा गेम चांगला का?’ हा प्रश्नच अपुरा पडतो, कारण तो एक खेळ नसून लोकांनी रचलेल्या असंख्य खेळांचा बाजार आहे. त्यात मूल कोणत्या दुकानी बसते, ते पाहावे लागते.

एकच खेळ दोन तऱ्हांनी खेळला जातो, याचे घरचे उदाहरण ‘लुडो किंग’. नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. खोलीचा क्रमांक कळवून आपल्याच माणसांना बोलावता येत असल्याने वेगवेगळ्या गावी अडकलेली आजी आणि नातवंडे एका पटावर बसली. ते खेळणे आणि त्याच खेळात अपरिचित प्रतिस्पर्ध्याशी नाण्यांची पैज लावून खेळणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या तऱ्हेला आमची हरकत नाही. उलट, काही आजारी मुलांना आम्ही ती सुचवितोही.

पैशाच्या कुलपाविषयी थोडे. ॲपलने २०१४ मध्ये अमेरिकी आयोगाशी झालेल्या तडजोडीत ग्राहकांना निदान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. आईवडिलांनी एकदा पासवर्ड टाकला की पुढील १५ मिनिटे मुलाला न विचारता खरेदी करता येत होती, हे त्यामागचे एक कारण. आज ‘प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारावा’ अशी निवड फोनमध्ये करता येते. ती अवश्य करावी. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. बहुतेक घरांत फोनमधले सर्व काही कळणारा अधिकारी म्हणजे घरातले मूलच. आजोबांचे रिचार्ज तेच करते, दूधवाल्याचे पैसे तेच पाठविते, आणि म्हणून यूपीआयचा पिन त्याला पाठ असतो. तो बदलावा आणि मुलाला तसे सांगून बदलावा. गुपचूप बदलला तर त्यात अविश्वासाचा वास येतो.

काळजी केव्हा करावी

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात खेळाच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. साधारणतः ती वर्षभर टिकलेली असावी लागतात. सुट्टीत चार दिवस फोनला चिकटलेल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणणे म्हणूनच आम्हांला मान्य नाही. तो शब्द मुलाच्या अंगाला चिकटतो. मात्र झोप उडाली, शाळा बुडू लागली, घरातून पैसे नाहीसे होऊ लागले किंवा पूर्वीचे मित्र तुटले, तर वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ मध्येच स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. खेळातून ओळख काढून कोणी पैसे उकळले असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

अगदी लहान मुलांविषयी एवढेच, की भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच, पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत. घास भरवताना हाती फोन देणे या हिशेबात धरावे.

आता टॅबविषयी. बालरुग्ण कक्षात आम्ही जाहिराती नसलेले, खरेदीचे दुकान नसलेले, इंटरनेटविना चालणारे आणि सुई टोचून होताच कोठेही थांबविता येतील असेच खेळ ठेवले आहेत. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा शैक्षणिक खेळांचा संच आहे. तो स्वयंसेवकांनी रचलेला असून खराखुरा विनामूल्य आहे. मोठ्या मुलांसाठी बुद्धिबळाचे ‘लिचेस’ आहे. ते फ्रान्समधील एक ना-नफा संस्था लोकांच्या देणग्यांवर चालविते, आणि मुलांसाठीची निवड चालू केली की त्यातील सर्व संवाद बंद होतो. देणगीदारांच्या बळावर चालणारा खेळ देणगीदारांनी दिलेल्या टॅबवर चालतो, ही गोष्ट विश्वस्तांना फार आवडली.

ज्या पालकांना याविषयी सल्ला हवा असेल, त्यांनी बालमार्गदर्शन विभागात येताना मुलाला बरोबर आणावे आणि मूल ज्या फोनवर खेळते तो फोनही आणावा. फोनच्या सेटिंगमध्ये आठवड्याचा वापर तासांत दिसतो, आणि ॲपच्या दुकानात आजवरच्या खरेदीची यादी मिळते. या दोन गोष्टी समोर असल्या की आमच्या समुपदेशकांना मुलाशी आकड्यांविषयी वाद घालावा लागत नाही, आणि उरलेला वेळ त्याला त्या खेळात नेमके काय आवडते, हे ऐकण्यासाठी मिळतो.